रंगवलेल्या सहा टाक्या

आमच्या कंपनीच्या मालकीच्या सहा रेल्वे टाक्या मी पेणच्या एका गणपती रंगवणाऱ्याकडून रंगवून घेतल्या, आणि त्या रंगाखाली टाक्यांवरच्या दुरुस्तीच्या तारखा गेल्या. त्यानंतर त्या टाक्या रोह्याला परत आल्या नाहीत.

झालं ते एवढंच. पण ही गोष्ट मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगितली आहे की लग्नाच्या पंगतीत मी घसा खाकरला की आमची ही शेजारणीला म्हणते, "चला, सुटली ह्यांची मालगाडी." दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला ती अशाच एका पंगतीत पकडून लिहायला सांगितली. बोलताना हातवारे करता येतात, लिहिताना ते करता येत नाहीत. तेवढं सांभाळून घ्या.

मी पेणजवळच्या गडबचा. भातशेती होती, पण ती भावानं सांभाळली, कारण माझ्या हातून लावलेली रोपं तिसऱ्या दिवशी आडवी होत. मग रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात चिकटलो. कारखान्याला कॉस्टिक लागायचं. कॉस्टिक म्हणजे साबणापासून रंगापर्यंत सगळ्याला लागणारं, तेलासारखं बुळबुळीत आणि कातडीवर पडलं तर सालपट काढणारं पाणी. ते गुजरातेतून यायचं. रोह्याला रेल्वे आली तशी आमच्या मालकांनी हौसेनं सहा टाक्या बांधून घेतल्या. चार चाकांवर आडवं ठेवलेलं पिंप म्हणजे टाकी. त्यांचं येणं-जाणं, भरणं-रिकामं करणं बघायला मला नेमलं. हुद्दा मोठा होता, टेबल लहान होतं.

रेल्वेवर धावणारा डबा रेल्वेचाच असणार असं लोकांना वाटतं. तसं नव्हतं. गोऱ्या साहेबाच्या काळापासून तेलकंपन्यांच्या स्वतःच्या टाक्या रुळांवर फिरत आल्या आहेत. त्यांचं पाहून आम्लवाले, वायूवाले, आमच्यासारखे कॉस्टिकवाले त्यात आले. रेल्वेकडे पोती वाहायचे डबे रगड, पण असल्या मालाला वेगळं भांडं लागतं, ते तिनं कुणाकुणासाठी करावं? म्हणून भांडं तुम्ही करा, ओढू आम्ही. दुधाला आपली चरवी घेऊन जावं, तसलाच व्यवहार. फरक इतकाच की इथं चरवी एकटीच जायची, भरून एकटीच यायची, आणि वाटेत तिचं काय झालं ते गवळीही सांगत नसे.

म्हणून प्रत्येक टाकीच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत तिची कुंडली लिहिलेली असायची. नंबर, रिकामं वजन, मालक कोण, रिकामी झाल्यावर पाठवायची कुठं, आणि शेवटची मोठी दुरुस्ती कधी झाली, पुढची कधी. ही शेवटची तारीख म्हणजे टॅक्सीचं पासिंग समजा. यार्डात रेल्वेचा तपासनीस हातोडी घेऊन गाडीच्या कडेनं फिरतो. त्याला ती तारीख उलटलेली दिसली, किंवा दिसलीच नाही, की तो डब्यावर खडूनं ‘आजारी’ म्हणून खूण करतो आणि डबा गाडीतून काढतो. त्यापुढे ब्रह्मदेव आला तरी डबा हलत नाही.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं नाही. चांगलं पाठ होतं. म्हणून तर मी स्वतःला मूर्ख म्हणवून घेतो, अडाणी म्हणवून घेत नाही.

माझ्या हाताखाली एकच माणूस होता, हिरामण. पेणच्या खाडीकडच्या गावातला, मिठागरावर वाढलेला. एका उधाणाला बाहेरचा बांध फुटला, मिठागर गेलं आणि हिरामण कंत्राटदाराच्या खात्यावर आमच्याकडे आला. कंत्राटी म्हणजे आज आहे, उद्याचं विचारू नये. त्याचं काम टाकीवर चढायचं. लोखंडी शिडीनं वर जायचं, गोल पाठीवरून चालत झाकणापर्यंत जायचं, झाकण उघडून काठी सोडून माल किती आहे ते बघायचं, मग झडप सोडायची. पावसात ती पाठ म्हणजे शेवाळलेली म्हैस. पण मिठागराच्या बांधावरून चाललेला माणूस तो. अनवाणी, लुंगी खोचून, वर उभा राहून विडीसुद्धा मागायचा. टाकीवर विडी ओढायची नाही हे मी त्याला रोज सांगायचो आणि तो रोज म्हणायचा, "व्हय नाना, वडत नाय. निस्ती तोंडात ठेवतो."

मी खाली, सावलीत. तो वरून माप ओरडायचा, मी लिहून घ्यायचो. खाली सही माझी: ‘समक्ष तपासले.’

आमच्या सहा टाक्यांपैकी चौथ्या नंबरची टाकी चंचल होती. एकदा ती गुजरातेतून निघाली आणि नाहीशी झाली. एका यार्डातून दुसऱ्या यार्डात फोन करून माझा कान तापला. शेवटी कुणीतरी सांगितलं की खानदेशात एका कडेच्या रुळावर तसली एक टाकी उभी आहे. हिरामणला घेऊन मी गेलो. टाकी होती. तिच्या सावलीत एक म्हातारी बाजेवर झोपलेली, टाकीच्या बफरला दोन शेळ्या बांधलेल्या आणि शिडीवर गोधडी वाळत घातलेली. टाकी आमची आहे म्हटल्यावर म्हातारी उठून बसली. "इतके दिवस कुठं होता मग?" असं तिनं दरडावलं. हिरामणनं शेळ्या सोडून झाडाला बांधल्या, गोधडी घडी करून दिली. टाकीच्या पोटावर त्यानं थाप मारली ती जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखी. परतीच्या गाडीत मला म्हणाला, "नाना, आपली एकच टाकी इतक्या डब्यांत एकली गेली, तिला कोन विचारनार?"

तेच पुढे झालं.

रोह्याचे तेव्हाचे स्टेशन मास्तर सज्जन गृहस्थ होते. एका दुपारी चहा पाजून त्यांनी मला सांगितलं, "एकेकटे डबे गोळा करत फिरायचे दिवस संपत आलेत. पूर्ण गाडी भरेल एवढा माल असेल तर या, असं वरून सांगतायत. आणि तुमच्या टाक्यांचा ब्रेक जुना."

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. जुन्या गाड्यांचा ब्रेक नळीतली हवा ओढून घेऊन चालायचा, नव्यांचा हवा दाबून. दोन्ही तऱ्हेचे डबे एका गाडीत चालत नाहीत. नव्या ब्रेकच्या गाड्या वाढल्या तशा आमच्या टाक्या जुन्या ब्रेकच्या गाडीची वाट बघत यार्डात आठवडे काढू लागल्या.

"म्हणजे बंदच की," मी म्हणालो.

"आज नाही. पण वर्ष, दोन वर्ष. मालकांनी ब्रेक बदलले, दुसऱ्या कारखान्यांशी मिळून गाडी भरली, तर काही जमेल. तुम्ही आपलं बघून ठेवा."

मी बघून ठेवलं नाही. बिस्किट संपवलं आणि उठलो. मालकांना कळवलं ते असं गुळमुळीत, की त्यांना वाटलं रेल्वे नवे ब्रेक फुकट बसवून देणार आहे.

त्याच महिन्यात हिरामण माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. एरवी दारातून बोलणारा माणूस आत आला, म्हणजे काही तरी असणार.

"नाना, मेवना हाय ना माजा, धाटावातच, दुसऱ्या कंपनीत. तितं मानूस घेतायत. सा मयन्यांनी कायम करतात. यमुना बोलते जा. जाव काय?"

यमुना म्हणजे त्याची बायको. तिला मी वहिनी म्हणायचो, आणि ती माझ्याशी नेहमी पदर सावरून, थोडकं बोलायची.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "टाक्या आहेत तोवर तुला कोण हलवतो? इथंच कायम करून घेऊ. मी बोलतो साहेबांशी."

"नक्की ना? तितं परत इचारनार नायत."

"अरे, मी सांगतोय ना."

"व्हय," तो म्हणाला आणि टाकीवर चढायला गेला. मेव्हण्याच्या कंपनीत दुसरा माणूस लागला. मी साहेबांशी बोलायचं ठरवत राहिलो.

आणि मग साहेबच आले. मुंबईच्या ऑफिसातून निरोप आला की मोठे साहेब दसऱ्यानंतर रोह्याला येऊन टाक्या बघणार आहेत आणि ठेवायच्या की विकायच्या ते ठरवणार आहेत. मी विचार केला, टाक्या ब्रेकवर ठरणार नाहीत, रूपावर ठरतील. माणसं बघायला येतात तेव्हा रूपच बघतात. तोपर्यंत टाक्यांची कळा गेली होती. गंज, ओघळ, पोटावर चिखल.

गणपती नुकतेच गेले होते. पेणेतले मूर्तींचे कारखाने त्या दिवसांत जरा श्वास घेतात. माझ्या ओळखीचा दिगंबर रामवाडीजवळच्या एका कारखान्यात आखणी करायचा. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. कारखान्यात माती मळणारे, साचे काढणारे, अंगरंग देणारे पुष्कळ, पण डोळ्याला हात लावणारा एखादाच. त्याला मी म्हणालो, "दिगू, सहा मूर्ती आहेत, जरा लांबट."

तो त्याच्या माणसांना घेऊन रोह्याला आला. टाकीसमोर उभा राहिला, मान वाकडी करून बघितली आणि हात जोडले.

"पोट बघा नाना! असलं लंबोदर आमच्या कारखान्यात आजवर झालं नाय. सोंड तेवढी राहिली."

"सोंड नको. रंग दे."

"आनी ही अक्षरं? ही जुनाट झाल्यात. ठेवू काय?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण मोठ्या साहेबांच्या गाडीचा हॉर्न तेव्हापासूनच माझ्या कानात वाजत होता. म्हणालो, "घासून काढ सगळं. कंपनीचं नाव लिही ठळक, आणि नंबर. बाकी आकड्यांची गर्दी नको, साहेबांना कळत नाही."

घासायला हिरामण पुढे झाला. काथ्या आणि वाळू घेऊन त्यानं एकेका टाकीवरची ती पांढरी अक्षरं स्वतःच्या हातानं घासून काढली. मधेच वरून ओरडला, "नाना, ह्या तारखा पन काय?" मी खालून हात हलवला. काढ, काढ.

चार दिवसांत टाक्या अशा सजल्या की स्टेशनातली माणसं गाडी सोडून बघायला येऊ लागली. दिगंबरनं अंग राखाडी दिलं, पण त्याचा हात मूर्तीचा, नुसता राखाडी त्याला सोसवेना. पोटाच्या बाजूंना सावली दिली, मधोमध उजेड. कडेला पितांबराचा पिवळा काठ. झाकणाला मुकुटासारखी कड. कंपनीचं नाव इतकं डौलदार की वाचवेना, बघत मात्र राहावं. हिरामणनं पहिल्या टाकीला हार घातला. मीही नारळ फोडला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला वाटलं की मी रेल्वेत काही तरी करून दाखवलं.

मोठे साहेब आले, हसले, टाकीसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. "शाबास, अशी आस्था पाहिजे," म्हणाले. मी तोंड उघडलं तेही टाक्यांपुरतंच. हिरामणचं नाव काढायचं राहिलं. तो तेव्हा वर उभा होता.

साहेब गेल्यावर चौथ्या दिवशी सहाही टाक्या रिकाम्या गुजरातकडे निघाल्या. हिरामणनं हात केला. मी केला नाही, मी हुद्द्यावर होतो.

पुढच्या मोठ्या यार्डातून तपासनीसाचा फोन आला.

"रोह्याच्या टाक्या तुमच्याच?"

"हो, हो. दिसतायत ना छान?"

"दिसतायत. वऱ्हाड कुठं आहे?"

"म्हणजे?"

"अहो, तारीख कुठं आहे? वजन कुठं आहे? रिकाम्या झाल्यावर ह्यांना पाठवायचं कुठं? मी हातोडी मारू कुठं, काठावर की मुकुटावर? सहाही आजारी केल्या आहेत. वर्कशॉपला जातील."

मी गयावया केली. म्हणालो, तारखा मला पाठ आहेत, तोंडी सांगतो. त्यावर तिकडे बराच वेळ कुणीतरी हसल्याचा आवाज आला, आणि फोन ठेवला गेला. त्याचं काहीच चुकलं नाही. तारीख नसलेली टाकी त्यानं सोडली असती आणि वाटेत चाक निखळलं असतं, तर कुणाला सांगता?

वर्कशॉपात नव्या ब्रेकचे डबे आधी घेत होते. जुन्यांचे सुटे भाग मिळेनासे झालेले. आमच्या टाक्या रांगेत मागे राहिल्या. इकडे कारखाना कॉस्टिकवाचून अडला, म्हणून तात्पुरते म्हणून ट्रकवरचे टँकर आणले. ते गुजरातेतून निघत आणि थेट आमच्या फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत. हरवत नव्हते, शेळ्या बांधून घेत नव्हते. महिन्याभरात मुंबईकरांना ते आवडले, आणि टाक्या जिथे होत्या तिथेच भंगारात विकल्या. मी त्या पुन्हा पाहिल्या नाहीत. कुठल्या तरी भट्टीत दिगंबरचा पितांबर वितळला असेल. त्याला हे सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "विसर्जनच की. वाजवत न्यायला पायजे होत्या."

टँकरचा ड्रायव्हर स्वतः झडप सोडतो. टाकीवर चढणारा माणूस लागत नाही. कंत्राटदारानं हिरामणला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं, ते मला दुसऱ्या दिवशी, तो आला नाही तेव्हा कळलं. मी कायम होतो, मला कँटीनची कुपनं वाटायला बसवलं. निवृत्तीला शाल मिळाली. हिरामणनं गवंड्याच्या हाताखाली काम केलं, खाडीत जाळं टाकलं, आणि आता गणपतीच्या हंगामात पेणेत मूर्ती गवतात बांधून ट्रकमध्ये चढवायचं काम करतो. गुडघे गेले आहेत, तरी मूर्तीचं बोट कधी मोडलं नाही, असं तो अभिमानानं सांगतो.

ह्या उन्हाळ्यात पेणच्या स्टेशनात मी रोह्याच्या गाडीची वाट बघत होतो. बाकड्यावर हिरामण आणि यमुनावहिनी भेटली, लेकीकडे निघालेली. शेजारी कॉलेजातली चार पोरं होती. तेवढ्यात एक लांबच लांब कंटेनरची गाडी न थांबता धडधडत गेली. डब्यांवर खासगी कंपनीचं नाव. एक पोरगा म्हणाला, "रेल्वे विकली की काय?"

माझा घसा आपोआप खाकरला गेला. म्हटलं, "विकली कसली! डबे खासगी असणं काही नवीन नाही. आमच्याच सहा टाक्या होत्या ह्या रुळांवर." आणि मालगाडी सुटली. लंबोदर झाला, मुकुट झाला, वऱ्हाड झालं. पोरं पोट धरून हसली. हिरामणही हसला, जिथं हसायचं तिथं बरोबर हसला, मधेच "तारखा मीच घासल्या हो" अशी पुस्तीही जोडली. मला भरून आलं. मी नेहमीच्या जागी नेहमीचा सुस्कारा टाकला आणि म्हणालो, "काय सांगू पोरांनो, त्या टाक्यांवर फार जीव होता माझा. म्हणून तर ह्या हिरामणलाही मी दुसरीकडे जाऊ दिला नाही. आम्ही दोघं मिळून त्या सांभाळल्या."

यमुनावहिनी इतका वेळ पिशवीतल्या आंब्यांना हात लावून बघत होती. तिनं पिशवीचं तोंड बांधलं, आणि आजपर्यंत माझ्याशी पदर सावरून बोलणारी ती बाई पदर न सावरता बोलली.

"भावजी, जीव-बीव नाय. तुमाला टाकीवर चढायची भीती वाटायची, म्हनून ह्यांना सोडलं नाय."